हार्नोंकूर : गोड वाजवायला नकार देणारा माणूस

मध्यलय (धागा)

'पाश्चात्य अभिजात : सुरुवात कुठून करू?' या धाग्यावर करायान विरुद्ध हार्नोंकूर (दोघेही ऑस्ट्रियन कंडक्टर) अशी जुंपली आणि शेवटी प्रशासकांनी "नवा धागा काढा" म्हणून दटावलं. तर हा नवा धागा. मी हार्नोंकूरच्या बाजूची आहे हे आधीच सांगून टाकते, म्हणजे नंतर निःपक्षपातीपणाची अपेक्षा नको.

१९६९ साली व्हिएन्ना सिंफनी ऑर्केस्ट्रातल्या एका चेलोवादकाने राजीनामा दिला. सतरा वर्षांची नोकरी, ठरलेला पगार, घरी चार मुलं. निमित्त झालं मोझार्टच्या जी मायनर सिंफनीचं, म्हणजे ४० क्रमांकाच्या. ती पुन्हापुन्हा कार्यक्रमात यायची, कंडक्टर बदलायचे, पण वाजायची तशीच: गोंडस, डौलदार, समोरच्याने माना डोलवाव्यात अशी. निकोलाउस हार्नोंकूरचं म्हणणं होतं की हे संगीत माणसाला हादरवणारं आहे आणि आपण त्याची मिठाई करून वाटतोय. पण चेलोच्या खुर्चीत बसणाऱ्याला यावर काही बोलायची सोय नसते. ऑर्केस्ट्रात तोंड एकालाच असतं आणि ते समोर उभं असतं.

जन्म बर्लिनचा, १९२९ चा. वाढला ऑस्ट्रियातल्या ग्रात्समध्ये. घराणं उमरावांचं, आईकडून थेट हाब्सबुर्ग राजघराण्यातल्या आर्चड्यूक योहानपर्यंत नातं पोचतं. तरुणपणी लाकडाच्या बाहुल्या कोरून बाहुलीनाट्यं करायचा. पुढे ऑपेरा करताना ते दिवस कामी आले असणार असं मला नेहमी वाटतं. व्हिएन्नात चेलो शिकला आणि १९५२ मध्ये व्हिएन्ना सिंफनीत लागला. घेतलं कुणी? खुद्द हेर्बेर्ट फोन करायानने. पुढच्या सगळ्या गमतीचं मूळ इथे आहे.

नोकरीच्या आधीपासूनच त्याचा दुसरा उद्योग चालू होता. १९४९ मध्ये विद्यार्थिदशेतच मित्रांबरोबर त्याने वियोला दा गाम्बाची (चेलोसारखं एक जुनं गजवाद्य) चौकडी जमवली होती. त्यात आलिस होफेल्नर ही व्हायोलिनवादक होती. १९५३ मध्ये दोघांनी लग्न केलं आणि त्याच वर्षी 'कॉन्सेंतुस मुसिकुस' हा छोटा वाद्यवृंद काढला. वादक बहुतेक सिंफनीतलेच सहकारी. दिवसा ऑर्केस्ट्राची ड्युटी करायची आणि उरलेल्या वेळात हार्नोंकूरच्या घरी जमून मोंतेवेर्दी, पर्सेल, बाख जुन्या वाद्यांवर वाजवून बघायचं.

आता माझा आवडता भाग. पहिली सुमारे चार वर्षं या मंडळींनी जाहीर कार्यक्रमच केला नाही. जुनी वाद्यं शोधायची, दुरुस्त करून घ्यायची, ती कशी धरायची इथपासून शिकायचं. शिकवणारं कुणी नव्हतं. परंपरा तुटलेली होती. हाताशी होती ती अठराव्या शतकाच्या मध्यात लिहिलेली शिक्षणाची पुस्तकं, क्वांत्सचं बासरीवरचं, लेओपोल्ड मोझार्टचं व्हायोलिनवरचं. त्यात लिहिलंय ते हाताने करून बघायचं, जमलं नाही की पुन्हा वाचायचं. १९५४ मध्ये पाउल हिंदेमित या जर्मन रचनाकाराने व्हिएन्नात मोंतेवेर्दीचा 'ऑर्फेओ' हा ऑपेरा जुन्या वाद्यांवर केला, तेव्हा वाजवायला हीच माणसं होती. स्वतःच्या नावाने मात्र १९५७ मध्ये लोकांसमोर आली.

जुन्या वाद्यांत एवढं काय आहे, हे त्या धाग्यावर तिघांनी विचारलं होतं. एकट्या गजाचं बघू. बरोक काळातल्या गजाची काडी बाहेरच्या बाजूला किंचित फुगलेली आणि टोकाला हलकी. खाली ओढताना स्वर ठसठशीत निघतो, वर नेताना आपसूक हलका पडतो, आणि दोन स्वरांच्या मध्ये बारीकशी मोकळी जागा राहते. अठराव्या शतकाच्या अखेरीस गज बदलला: काडीचा बाक आत वळला, टोक जड झालं, वादकाला दोन्ही दिशांनी सारखाच लांब अखंड स्वर काढता यायला लागला. करायानच्या वाद्यवृंदाचा तो कुठेही न तुटणारा रेशमी आवाज म्हणजे हा नवा गज आणि डाव्या हाताचं सततचं आंदोलन, म्हणजे व्हायब्रेटो. पण बाखच्या काळात चार मात्रा सारख्या वजनाच्या नव्हत्याच. पहिली भारी, तिसरी त्याहून कमी, दुसरी आणि चौथी हलकी, ही उतरंड वादक गृहीत धरायचे. जुन्या गजाने ती न सांगता येते. नव्या गजाने येऊ शकते, पण मुद्दाम आणावी लागते, आणि १९५० च्या आसपास ती आणायची असते हेच लोक विसरले होते. उतरंड गेली की वाक्य जातं. शब्दांवर आघातच नसतील तर बोलणाऱ्याला काय म्हणायचंय ते कसं कळणार? संगीत हे बोलणं आहे, हाच हार्नोंकूरचा आयुष्यभराचा हट्ट. जुनी वाद्यं त्या हट्टापायी आली. वाद्यांपायी हट्ट आला नाही, हे कृपया लक्षात घ्या, कारण टीकाकार नेमकं उलटं धरून बसतात.

१९६४ मध्ये बाखच्या ब्रांडेनबुर्ग कॉन्चेर्टोंचं ध्वनिमुद्रण झालं. टेलेफुंकेन कंपनीच्या त्या जुन्या तबकड्यांच्या पाकिटांवर प्रत्येक वादकापुढे त्याचं वाद्य कुणी, कुठे, कधी बनवलं ते छापलेलं असायचं. मग १९७१ मध्ये हार्नोंकूर आणि ॲमस्टरडॅमचा गुस्ताव लेओनहार्ट या दोघांनी बाखचे सगळे चर्च कॅन्टाटा (चर्चमध्ये गायच्या, वाद्यवृंदासह रचना) वाटून घेतले. सुमारे दोनशे रचना. काम १९९० पर्यंत चाललं. वरच्या पट्टीतले आवाज जवळजवळ सगळे मुलग्यांचे, कारण बाखच्या चर्चमध्ये बायका गात नव्हत्या. तबकड्यांच्या संचाबरोबर पूर्ण स्वरलिपीही मिळायची. १९८० चा इरॅस्मस पुरस्कार दोघांना मिळून दिला गेला.

इथेच थांबला असता तर तो जुन्या संगीताचा एक मोठा जाणकार म्हणून उरला असता. पण १९७५ पासून त्याने झ्युरिक ऑपेरात दिग्दर्शक जाँ-पिएर पोनेलबरोबर मोंतेवेर्दीची ऑपेरा-मालिका केली, मग मोझार्टची. त्याच वर्षी ॲमस्टरडॅमच्या कॉन्सेर्टगेबाउ ऑर्केस्ट्रासमोर उभा राहिला, म्हणजे पूर्ण आधुनिक वाद्यांच्या, स्वतःच्या परंपरेचा अभिमान बाळगणाऱ्या ऑर्केस्ट्रासमोर. आणि १९९०-९१ मध्ये चेंबर ऑर्केस्ट्रा ऑफ युरोपबरोबर ग्रात्समध्ये बेथोव्हनच्या नऊ सिंफनी केल्या. व्हायोलिनं आजची, ट्रंपेट मात्र जुने, बिनझडपांचे, म्हणजे स्वर बदलायच्या कळा नसलेले. शुद्धतावाद्यांना हे भेसळ वाटलं आणि परंपरावाद्यांना आगाऊपणा. त्या संचानंतर आधुनिक वाद्यवृंदांचं बेथोव्हन वाजवणं बदललं. आज कुठलाही बरा कंडक्टर मोझार्ट करताना व्हायोलिनवाल्यांना "इथे आंदोलन कमी" असं सांगतो आणि कुणाची भुवई वर जात नाही. घरात चार वर्षं गुपचूप तालमी करणाऱ्या दहाबारा माणसांनी केलेला बदल आहे हा.

येऊ द्या आता.

---

बेसूर बंड्या

चार वर्षं तालीम आणि कार्यक्रम नाही?? आमच्या सोसायटीच्या गणपतीत आठवडाभर तालीम झाली की दोन गट पडतात.

---

खर्ज

लेख झकास, वादच नाही. वाद पुढे आहे.

१. १९६४ चे ब्रांडेनबुर्ग मीही ऐकलेत. पहिल्या कॉन्चेर्टोतले हॉर्न ऐकताना दर दोन ओळींनी वाटतं, आता घसरणार. "ऐतिहासिक" म्हटलं की बेसूर माफ, असा नियम आहे का?

२. बाखला आजचा ट्रंपेट मिळाला असता तर त्याने तो आनंदाने घेतला असता. नाइलाजाला शैली म्हणू नका.

३. करायानने दिलेला सुंदर आवाज हा गुन्हा कधीपासून झाला? त्याने वाजवलेल्या ब्रुकनरच्या सिंफनी ऐका आणि मग बोला.

(दुसरा-तिसरा आकडा टाकला नाही तर ताई एकालाच उत्तर देऊन निसटतात हा अनुभव आहे.)

---

तातवाला

मध्यलयताई, गजाबद्दल लिहिलंत ते वाचून राहवलं नाही. मी सारंगी शिकतो. आमच्या मुख्य तीन तारा अजून तातीच्याच असतात, म्हणजे आतड्याच्या. तरफा, म्हणजे खालच्या झंकारणाऱ्या तारा, तेवढ्या धातूच्या. युरोपातल्या व्हायोलिनवरही विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत तातच होती, पोलाद नंतर आलं. त्यामुळे हार्नोंकूरला जे खोदून काढावं लागलं त्यातलं थोडं आमच्या हाताखाली रोजच आहे.

तातीचा स्वभाव सांगतो. पावसाळ्यात पुण्यात रियाजाला बसलं की सूर जागेवर राहत नाही. लावून होईपर्यंत पहिला हललेला असतो. जुनी झाली की तिला बारीक कूस फुटते आणि ती नखाच्या कडेला लागते. पण पोलादी तार लावून बघितली तेव्हा आवाज मोठा आला आणि गळा गेला. स्वराच्या सुरुवातीला जो किंचित खरखरीत 'क' किंवा 'त' ऐकू येतो, व्यंजन म्हणा, तो तातीत आहे. पोलादात नुसता स्वर येतो, व्यंजन नाही. "संगीत हे बोलणं आहे" असं हार्नोंकूर म्हणत असेल तर त्याला तात का हवी होती हे मला आपोआप कळतं.

खर्जदादा, तुमच्या पहिल्या मुद्द्याला अर्धं अनुमोदन. बेसूर तो बेसूर.

---

मध्यलय

@तातवाला, व्यंजनाचं भारीच. वाचनखूण साठवली.

@खर्ज, नाही निसटत.

पहिला मुद्दा: मान्य, हॉर्न डळमळतात. १९६४ मध्ये जगभरात बिनझडपांचा हॉर्न वाजवू शकणारी माणसं किती होती? आज त्या वाद्यावर लोणी वाजवणारे लोक आहेत, कारण तेव्हा कुणीतरी डळमळत वाजवलं.

दुसरा मुद्दा जास्त गमतीचा आहे. बिनझडपांच्या ट्रंपेटमधून ओठांच्या ताणावर जेवढे स्वयंभू स्वर निघतील तेवढेच मिळतात. त्यातला अकरावा आणि तेरावा आजच्या पट्टीत बसत नाही, वादकाला तो ओठाने ओढूनताणून बसवावा लागतो. हॉर्नचे काही स्वर तर भोंग्यात हात घालून दाबून काढायचे, आणि ते दबकेच येतात. हार्नोंकूरचं म्हणणं असं की चांगल्या रचनाकाराला हे माहीत असतं आणि तो दबका स्वर जिथे दबकाच हवा तिथे ठेवतो. सगळे स्वर सारखे गुळगुळीत केले की त्या जागेचा अर्थ गेला. "बाखला आजचा ट्रंपेट मिळाला असता तर" हे ठीक, पण मग त्याने वेगळं संगीत लिहिलं असतं. हे नसतं लिहिलं.

आणि बेथोव्हनला जुने ट्रंपेट का, तर ते जोरात फुंकले तरी बाकीच्यांना गिळत नाहीत. आवाज धारदार होतो, जाड होत नाही. बाकी वाद्यं त्याने आजचीच ठेवली. पोथीनिष्ठ माणूस हे करेल?

तिसऱ्या मुद्द्यावर मी भांडतच नाही. करायानचा ब्रुकनर मलाही आवडतो. पण एक नोंद करून ठेवते: साल्झबुर्ग फेस्टिव्हलवर करायानचा वरचष्मा होता तोवर हार्नोंकूर तिथे दिसत नाही. करायान १९८९ मध्ये गेला, हार्नोंकूर १९९२ मध्ये आला. त्याच शहरातल्या मोझार्टेउम या संगीत विद्यालयात तो १९७३ पासून शिकवत होता, म्हणजे पत्ता माहीत नव्हता अशातला भाग नाही.

---

उंबरठा

या सगळ्यात आलिसबद्दल एक ओळ? "दोघांनी लग्न केलं आणि वाद्यवृंद काढला" एवढ्यावर बोळवण?

१९५३ पासून १९८५ पर्यंत कॉन्सेंतुसची पहिली व्हायोलिन आलिस हार्नोंकूर होती. निकोलाउस कित्येक वर्षं समोर उभाच राहत नव्हता. तो चेलो किंवा गाम्बा घेऊन वादकांत बसायचा आणि तिथूनच चालवायचा. म्हणजे सुरुवात कधी करायची, श्वास कुठे घ्यायचा, गज कुठे उचलायचा, हे सगळे बघत असणार ते तिच्याकडे. कंडक्टर म्हणून त्याचं ऑपेरातलं पदार्पण थेट १९७२ चं, मिलानच्या ला स्कालामधलं. तोवर वृंद जवळजवळ वीस वर्षांचा झाला होता.

तिचं वाजवणं ऐकायचं तर १९७७ च्या सुमाराचं विवाल्डीच्या 'चार ऋतूं'चं ध्वनिमुद्रण घ्या, एकल व्हायोलिन तिचंच आहे. त्यातल्या 'वसंता'चा दुसरा भाग. मेंढपाळ झाडाखाली झोपलाय, पानं सळसळतायत, व्हायोलिनवर त्याची झोप. आणि खाली वियोला दोनच स्वर धरून बसलाय, भुंकणाऱ्या कुत्र्याचे. विवाल्डीने स्वरलिपीत स्पष्ट लिहिलंय की वियोलाने हे सतत खूप जोरात आणि ओरबाडून वाजवावं. आता कुठलीही शंभर ध्वनिमुद्रणं काढा. बहुतेकांत हे कुत्रं एवढं सभ्य असतं की मेंढपाळाची झोप मोडू नये म्हणून हळूच खाकरतं. कॉन्सेंतुसमध्ये ते भुंकतं. झोप आणि भुंकणं दोन्ही एकदम, कुणी कुणासाठी थांबत नाही. ते निघालं तेव्हा पुष्कळ श्रोते चिडले होते. म्हणजे जे लिहिलंय तेच वाजवलं म्हणून चिडले.

(आलिस २०२२ मध्ये गेली. दोघांची मुलगी एलिझाबेट फोन माग्नुस गायिका आहे आणि वडिलांबरोबर तिने बरंच गायलंय.)

---

मध्यलय

उंबरठाताई, तुमचा प्रतिसाद मूळ लेखाच्या वर असायला हवा होता. कुत्र्यासाठी विशेष आभार.

---

बेसूर बंड्या

ऐकलं. कुत्रं खरंच भुंकतंय. आमच्या मोत्याने उत्तर दिलं.

---

हापूस

जाता जाता, याच काळात व्हिएन्नात आपला एक मुंबईकर होता. झुबिन मेहता १९५४ मध्ये तिथे हान्स स्वारोव्स्कीकडे कंडक्टिंग शिकायला गेला, जोडीला डबल बास. म्हणजे कॉन्सेंतुसची मंडळी घरात बसून गाम्बा लावत होती तेव्हा हा त्याच शहरात होता. आणि झुबिनचे वडील मेहली मेहता हे स्वतः स्वतंत्र धाग्याचा विषय आहेत. व्हायोलिनवादक. १९३५ मध्ये बॉम्बे सिंफनी ऑर्केस्ट्रा काढला, १९४० मध्ये बॉम्बे स्ट्रिंग क्वार्टेट. पुढे मँचेस्टरला कंडक्टर बार्बिरोलीच्या हाले ऑर्केस्ट्रात, मग अमेरिकेत, आणि १९६४ मध्ये लॉस एंजेलिसला तरुण वादकांचा 'अमेरिकन यूथ सिंफनी' उभा केला. वयाच्या नव्वदीपर्यंत तो चालवत होते. ज्या गावात परंपराच नाही तिथे क्वार्टेट काढणं हे व्हिएन्नात काढण्याइतकंच अवघड असावं, किंबहुना जास्तच. कुणीतरी लिहा.

---

खर्ज

हापूस, तुम्हीच लिहा, वाचायला आहोतच.

मूळ भांडणाकडे. अमेरिकन संगीत-इतिहासकार रिचर्ड टारस्किन यांचा जुना आक्षेप आहे, आणि तो मला अजून बिनतोड वाटतो. ही 'जुनी' शैली मुळात जुनी नाहीच. वेगवान, हलकी, कोरडी, भावविवशतेला घाबरणारी: ही सगळी विसाव्या शतकातली आवड. विसाव्या शतकातला रचनाकार स्त्राविन्स्की, त्याच्या काळाने बाखला आपला चष्मा लावला आणि म्हणाला, बघा, बाख असाच दिसायचा. अठराव्या शतकाचा आवाज टेप करून ठेवलेला नाही. पुस्तकं वाचून आवाज कळत असता तर पाकशास्त्राची पुस्तकं वाचून पोट भरलं असतं.

---

मध्यलय

टारस्किन काढणार हे माहीत होतं, दादा. म्हणून तयारीत आहे.

आक्षेप बरोबर आहे, आणि कित्येक ब्रिटिश आणि डच गटांना तो चपखल बसतो. टापटीप, टवटवीत, शिट्टी वाजवत सायकलवर निघाल्यासारखा बाख. पण त्याच टारस्किन यांनी १९९१ मध्ये, कॅन्टाटांचा संच पुरा झाल्यावर, न्यूयॉर्कच्या वर्तमानपत्रात हार्नोंकूरची बाजू घेऊन लिहिलं होतं. आणि कशासाठी, तर कुरूपतेसाठी. बाखचे कितीतरी कॅन्टाटा श्रोत्याला बरं वाटावं म्हणून लिहिलेलेच नाहीत. माणूस पापी आहे, देह कुजणार आहे, बुद्धीच्या भरवशावर राहू नका, हे ठणकावून सांगणारं ते संगीत. ते सुरेल करून वाजवलं की मजकूर खोटा पडतो. तुटणारा हॉर्न, धाप लागलेला मुलगा, ओरबाडणारे गज, हे सगळं त्या मजकुराला शोभतं असा त्यांचा मुद्दा होता. हार्नोंकूरला भावविवशतेची भीती? त्याची भावविवशता तर कधीकधी आवरावी लागते.

तो स्वतःही 'हेच अस्सल' असा दावा करत नव्हता. संग्रहालय चालवायचं नाही, हे वारंवार सांगायचा. आणि त्याचं आणखी एक ठाम मत होतं, सुरक्षित राहून सुंदर वाजवता येत नाही. कोसळायच्या कडेला जावं लागतं. कधीकधी कोसळतं. तुमचे हॉर्न तिथेच पडलेत.

---

ग्रात्सकर

मी कामानिमित्त इथे ग्रात्सला असतो. उशिरा बघतोय धागा, माफी.

१९८५ पासून इथे दर उन्हाळ्यात स्टीरिआर्ते नावाचा महोत्सव होतो. हार्नोंकूरला आपल्या गावात काम करता यावं म्हणूनच तो सुरू झाला असं इथे सगळे सांगतात. बेथोव्हनचा तो नऊ सिंफनींचा संच इथल्या स्टेफानिएनझालमध्ये कार्यक्रमातच टिपलेला आहे. आणि २००९ मध्ये इथेच त्याने गर्श्विनचं 'पॉर्गी अँड बेस' केलं, वय जवळजवळ ऐंशी. मोंतेवेर्दी ते गर्श्विन. ज्याला आपण 'जुन्या संगीताचा माणूस' म्हणतो त्याने मध्ये व्हेर्दीचं 'आयदा' केलं, व्हिएन्नाच्या नववर्ष मैफली दोनदा केल्या, २००१ आणि २००३. ती मैफल दरवर्षी राडेट्स्की मार्चने संपते; २००१ मध्ये तर त्याने त्याचं मूळ रूप आधी वाजवलं. नेहमीचं, टाळ्यांचं, शेवटी.

२०१५ च्या जुलैत मी त्याला इथे बेथोव्हनच्या 'मिस्सा सोलेम्निस'मध्ये ऐकलं. हातात काठी नव्हती, तशी ती कधीच नसायची. मला कोपऱ्यातली स्वस्तातली जागा मिळाली होती, आणि तिचा फायदा असा की त्याचा चेहरा दिसत होता. डोळे एवढे मोठे करायचा की समोरच्या गायकाला पळून जावंसं वाटावं. मात्रा दाखवणं वगैरे फारसं नाही. एखादी ओळ सांगायची असली की दोन्ही हातांनी हवेतून काहीतरी उपटल्यासारखं करायचा. शेजारच्या आजीबाई म्हणाल्या, अलीकडे फार शांत झालाय.

त्याच वर्षी ५ डिसेंबरला, म्हणजे ८६ व्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी, त्याने थांबत असल्याचं जाहीर केलं. पत्रकार परिषद नाही, काही नाही. व्हिएन्नाच्या मुसिकफेराइन सभागृहातल्या कार्यक्रमपत्रिकेत हाताने लिहिलेलं पत्र छापून घातलं. अंगात ताकद उरली नाही म्हणून पुढचे बेत रद्द करतोय, आणि मंचावरचे आम्ही नि सभागृहातले तुम्ही मिळून शोध घेणाऱ्यांचा एक आनंदी मेळा झालो होतो, अशा अर्थाचं. ५ मार्च २०१६ ला गेला.

---

अंतरा

ग्रात्सकर, केवढं नशीब!

मला त्याच्या समजावून सांगण्याबद्दल लिहायचं आहे. ब्रुकनरची नववी सिंफनी अपुरी आहे, शेवटच्या भागाची नुसती पानं सापडली. बहुतेक जण तीन भाग वाजवून थांबतात. २००२ मध्ये साल्झबुर्गला हार्नोंकूरने व्हिएन्ना फिलहार्मोनिकला बसवलं आणि ते उरलेले तुकडे श्रोत्यांना समजावत वाजवले. हे इथपर्यंत आहे, इथे पानं हरवलीत, इथून पुन्हा सुरू. मध्ये भोक आहे तर भोक दाखवायचं, स्वतःच्या पदरचं भरायचं नाही. त्याचं ध्वनिमुद्रण जर्मन आणि इंग्रजी दोन्ही भाषांत मिळतं. जगातला एक सर्वांत मानी वाद्यवृंद मध्येच थांबून गप्प बसलाय आणि एक म्हातारा बोलतोय, हे ऐकायलाच मजा येते.

आणि मोझार्ट! मूळ लेखातली जी मायनर पुन्हा येते, म्हणून सांगते. अगदी शेवटी-शेवटी त्याचं मत झालं होतं की मोझार्टच्या शेवटच्या तीन सिंफनी, ३९, ४० आणि ४१, मिळून एकच मोठी रचना आहे. तिन्ही १७८८ च्या उन्हाळ्यातल्या. ३९ ला भारदस्त प्रस्तावना आहे पण शेवट मध्येच तोडल्यासारखा. ४० ला प्रस्तावनाच नाही, एकदम विषयात. आणि खराखुरा समारोप फक्त ४१ ला. कॉन्सेंतुसबरोबर सलग ध्वनिमुद्रित केल्या त्याने तिन्ही. मला पूर्ण पटलेलं नाही, पण एका बैठकीत ऐकल्यावर ४० सुटी ऐकवत नाही हे खरं.

---

तातवाला

अंतराताई, ३९ चा शेवट आत्ता ऐकला. मैफल संपायच्या आधी कुणीतरी माइक बंद केल्यासारखा आहे खरा.

एक शंका. स्पॉटिफायवर त्याचा बेथोव्हनचा पाचवा सापडला, कॉन्सेंतुसबरोबरचा. शेवटी ते ठोकळ ठोकळ स्वर येतात ना, त्यांच्या मध्ये एवढी गॅप आहे की मी दोनदा मोबाईल बघितला. नेट गेलं वाटलं. हे बेथोव्हनने असंच लिहिलंय का?

---

मध्यलय

ते २०१५ चं आहे, त्याच्या शेवटच्या ध्वनिमुद्रणांपैकी. नेट ठीक आहे तुमचं. तिथे विराम बेथोव्हनचेच आहेत, पण लांबी हार्नोंकूरची. स्वरलिपीत लिहिल्यापेक्षा कितीतरी जास्त थांबतो. प्रत्येक ठोक्यानंतर आता संपलं असं वाटावं आणि संपू नये, हा हेतू असणार.

मला विचाराल तर इथे त्याने फाजील ताणलंय. पहिल्या दोनदा अंगावर काटा येतो, तिसऱ्यांदा युक्ती दिसायला लागते. १९९० चा चेंबर ऑर्केस्ट्रा ऑफ युरोपचा पाचवा ऐका, तो जास्त चांगला आहे.

---

खर्ज

"इथे त्याने फाजील ताणलंय" : इति मध्यलय. स्क्रीनशॉट काढून ठेवला आहे. ब्रुकनरच्या धाग्यावर भेटू.